बिनमुदतीचा सामना

निकाल लागल्यावाचून मैदान सोडावयाचे नाही, अशी प्रतिज्ञा करून मांडलेल्या खेळांमध्ये क्रिकेटचा डर्बन येथील सामना सर्वांत प्रसिद्ध आहे. १९३९ च्या मार्च महिन्यात इंग्लंड व दक्षिण आफ्रिका हे संघ तेथे बेमुदत कसोटीसाठी उतरले, ३ तारखेला सुरू झालेला खेळ १४ तारखेपर्यंत रेंगाळला, आणि चौथ्या डावात जिंकण्यासाठी लागणाऱ्या ६९६ धावांपैकी ६५४ धावा पाच गड्यांच्या मोबदल्यात इंग्लंडने काढून झाल्या असता पाऊस कोसळू लागला. परंतु सामना बुडाला तो पावसाने नव्हे, तर केपटाऊनहून स्वदेशी निघणारी आगबोट पाहुण्या संघासाठी खोळंबणार नव्हती म्हणून, आणि अशा रीतीने ज्या सामन्याला मुदत नाही असा ठराव झाला होता त्याला अखेर आगगाडी व आगबोट यांच्या वेळापत्रकाने मुदत घालून दिली.

आमच्या रणजी करंडकाने हा पेच अधिक व्यवहारी बुद्धीने सोडविला आहे. ठरलेल्या दिवसांत अंतिम सामना पुरा झाला नाही तर पहिल्या डावात ज्याची आघाडी त्याचा करंडक, हा तेथला शिरस्ता असून, १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने ओळीने १५ वेळा जो करंडक पटकावला त्यातही काही वेळा ह्याच कलमाचा आधार घ्यावा लागला होता. म्हणजे मूळ दाव्याचा निवाडा होत नसेल तर अंतरिम हुकूमच कायम करावा, असा हा दिवाणी न्याय. कबड्डीची व्यावसायिक लीगही बाद फेरीत गुण समान झाले तर दोन्ही संघांना पाच पाच चढाया देते, आणि तेवढ्यानेही तंटा मिटला नाही तर एका अखेरच्या चढाईवर सारे सोपविते. फुटबॉलवाले पेनल्टीच्या फटक्यांना शरण जातात. ह्या सर्व युक्त्या शहाणपणाच्या आहेत, लोकांना शेवटची गाडी गाठावयाची असते हे त्या ओळखून आहेत, आणि म्हणूनच ज्या एका खेळाने त्यांपैकी एकही युक्ती आपल्या निर्णायक सामन्यांपुरती मान्य केली नाही, त्या खेळाकडे पाहताना प्रथम आश्चर्य आणि मग काहीसा आदर वाटू लागतो. तो खेळ म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी.

बोळिंजसारख्या गावी बसून आइस हॉकीविषयी लिहावे ह्यात थोडा आगाऊपणा आहे, हे मान्य केले पाहिजे. विरार स्थानकाकडून आगाशी-अर्नाळ्याच्या वाटेवर वसलेल्या ह्या गावी केळीच्या वाड्या होत्या, पानवेली होत्या, फुलांचे मळे होते, आणि आता त्यांच्या शेजारी म्हाडाच्या उंच इमारतीही उभ्या आहेत. परंतु बर्फ म्हणून जो काही पदार्थ येथल्या माणसाला मोठ्या प्रमाणावर ठाऊक आहे तो अर्नाळ्याच्या होड्यांवर मासळी टिकविण्यासाठी चढविल्या जाणाऱ्या लाद्यांच्या रूपानेच. अशीच एक लादी, परंतु २०० फूट लांब, ८५ फूट रुंद आणि इंच-दीड इंचापेक्षा फारशी जाड नसलेली, छपराखाली अंथरली आहे आणि तिच्यावर पायांत पोलादी पाती बांधलेले बारा गडी धावत आहेत असे कल्पनेने पाहिले, म्हणजे ह्या खेळाचे अर्धे स्वरूप कळले. आपल्या देशात हा खेळ मुख्यतः लडाखात, हिवाळ्यात गोठणाऱ्या तळ्यांवर व आता कृत्रिम मैदानावरही, खेळला जातो, आणि लडाखी मुलींचा भरणा असलेल्या भारतीय महिला संघाने २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे झालेल्या आशिया चषकात कांस्यपदक मिळविले, ही वार्ता महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी जितकी ठळक द्यावयास हवी होती तितकी दिली नाही, असे माझे मत आहे.

आता खेळाची माहिती थोडक्यात. प्रत्येक संघाचे सहा जण एका वेळी बर्फावर असतात. त्यांपैकी एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तिघे आघाडीवर. चेंडूच्या जागी कडक रबराची एक चकती असते, तिला पक म्हणतात. तिचा व्यास ३ इंच, जाडी १ इंच व वजन सुमारे ६ औंस, आणि ती फार उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. गोलचौकट ६ फूट रुंद व ४ फूट उंच, म्हणजे आपल्या मैदानी हॉकीच्या चौकटीहून पुष्कळच लहान. पण तिच्याकडे येणारी चकती ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने येऊ शकते, आणि ती येताना मध्ये चार-पाच धिप्पाड माणसे उभी असल्यामुळे गोलरक्षकाला बहुधा ती दिसतही नाही. वीस वीस मिनिटांची तीन सत्रे खेळली जातात व मध्यंतरात एक यंत्र फिरून खरवडलेला बर्फ गरम पाण्याने पुन्हा सारखा करते. धावण्याचे श्रम इतके विलक्षण असतात की आघाडीच्या तुकड्या पाऊण-एक मिनिटाने बदलाव्या लागतात. खेळ चालू असतानाच एक तुकडी कठड्यावरून उडी मारून आत येते व दुसरी बाहेर जाते. बदलत नाही तो एकटा गोलरक्षक.

साध्या साखळी सामन्यात बरोबरी झाली तर १९८७ च्या सुमारास पाच मिनिटांचा जादा वेळ देऊन, तरीही गोल झाला नाही तर गुण वाटून देत. परंतु बाद फेरीत, ज्या फेरीच्या अखेरीस कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी १८९२ साली दिलेला चषक मिळतो, तेथे वाटणी नाही, चिठ्ठी नाही, पेनल्टीच्या फटक्यांची नेमबाजीही नाही. साठ मिनिटांत बरोबरी झाली की पुन्हा पुरी वीस मिनिटे. त्यात जो पहिला गोल करील तो जिंकला व सामना तत्क्षणी संपला. कोणीच न केला तर मध्यंतर, बर्फाची डागडुजी, आणि पुन्हा वीस मिनिटे. आणि हा क्रम कोठे थांबवावा ह्याविषयी नियमांच्या पुस्तकात एक अक्षर नाही. १९३६ च्या मार्चमध्ये माँट्रियल येथे डेट्रॉइट रेड विंग्ज व माँट्रियल मरून्स यांच्यातला सामना अशा सहा जादा सत्रांपर्यंत लांबला, मध्यरात्र उलटून अडीचच्या सुमारास ब्रुनेटो नावाच्या एका नवख्या खेळाडूने सामन्यातला एकमेव गोल केला, आणि १७६ मिनिटे ३० सेकंद हा उत्तर अमेरिकेतील त्या व्यावसायिक लीगचा आकडा आजतागायत कोणी ओलांडलेला नाही.

तथापि तो एका मालिकेतला पहिला सामना होता. हरणाऱ्याला पुढे उत्तर देण्याची सोय होती. ज्या लढतीनंतर एका संघाचे वर्षच संपावयाचे आहे अशी मालिकेतली सातवी, निर्णायक लढत लांबलेली पाहावयाची असेल, तर १९८७ च्या एप्रिल महिन्यात वॉशिंग्टन कॅपिटल्स व न्यूयॉर्क आयलंडर्स हे संघ मेरीलँड राज्यातील लँडओव्हर येथे, कॅपिटल सेंटर नावाच्या प्रेक्षागृहात, भेटले त्या रात्रीकडे वळले पाहिजे.

ह्या दोन संघांचे पूर्ववृत्त सांगितल्यावाचून त्या रात्रीची तीव्रता कळणार नाही. आयलंडर्स हा घराणे स्थापन केलेला संघ होता: १९८० पासून १९८३ पर्यंत ओळीने चार वेळा स्टॅन्ले चषक त्याच्याकडे होता आणि १९८४ पर्यंत त्याने बाद फेरीच्या सलग १९ मालिका जिंकल्या होत्या. उलटपक्षी कॅपिटल्सने १९७४-७५ मध्ये आपल्या पहिल्या हंगामात ८० पैकी ८ सामने जिंकून व ६७ हरून जो विक्रम केला होता तो कोणाही संघाला लपवून ठेवावासा वाटेल असा होता. पुढे रॉड लँगवे हा शिरस्त्राण न घालता खेळणारा खंबीर बचावपटू कर्णधार म्हणून लाभला, संघ सावरला, १९८३ पासून दरसाल बाद फेरीत येऊ लागला, आणि १९८३, १९८४ व १९८५ ह्या तिन्ही वर्षी आयलंडर्सकडूनच पराभूत होऊन घरी गेला. त्यांपैकी १९८५ ची कथा विशेष क्लेशकारक आहे, कारण पाच सामन्यांच्या त्या मालिकेत पहिले दोन कॅपिटल्सने जिंकले होते. १९८६ मध्ये त्यांनी तीन सरळ सामन्यांत उट्टे काढले. जुने घराणे उतरणीला लागले आहे आणि नवे वर येत आहे, असे त्या वर्षी पुष्कळांना वाटले असल्यास नवल नाही.

अशा स्थितीत १९८७ साल उजाडले, आणि लीगच्या कारभाऱ्यांनी एक बदल केला. त्या काळी लीगमध्ये २१ संघ होते व त्यांतील १६ बाद फेरीत जात, म्हणजे ८४० साखळी सामने खेळवून अवघ्या पाच संघांना निरोप द्यावयाचा, असा तो उदार खाक्या होता; पहिली फेरी मात्र आखडती, पाच सामन्यांची असे. १९८७ पासून ती सात सामन्यांची करण्यात आली. तिकिटांचे उत्पन्न वाढावे हा हेतू ह्यात असणारच. परंतु परिणाम असा झाला की चार सामन्यांनंतर कॅपिटल्स तीन-एकने पुढे होते, आणि आदल्या वर्षीचा नियम चालू असता तर तेव्हाच मालिका त्यांच्या नावावर रुजू होऊन वॉशिंग्टनमध्ये मिठाई वाटली गेली असती. नव्या नियमाने आणखी सामने खेळावे लागले. पाचवा आयलंडर्सने जिंकला, सहावाही जिंकला, आणि शनिवार दिनांक १८ एप्रिल रोजी सायंकाळी साडेसातच्या सुमारास सातव्या सामन्यासाठी १८,१३० प्रेक्षक कॅपिटल सेंटरमध्ये दाखल झाले. हरण्याची परंपरा असलेल्या संघाला विजयाच्या दारापर्यंत नेऊन परत बोलावणे हे कोणत्याही कारभाऱ्याने मुद्दाम योजले असते तर त्याच्यावर निर्दयपणाचा आरोप ठेवता आला असता. येथे ते केवळ नियमदुरुस्तीने घडले.

तो शनिवार ईस्टरच्या आदला होता. ह्या योगायोगामुळेच पुढे सामन्याला ‘ईस्टरचे महाकाव्य’ अशा अर्थाचे नाव पडले, आणि ह्याच योगायोगामुळे बोळिंजच्या माणसाला तो थोडा जवळचा वाटतो. आमच्या शेजारच्या नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये आणि वसई धर्मप्रांतातील सर्व गावांमध्ये ईस्टरच्या आदल्या रात्री अंधारात मेणबत्त्या पेटवून जागरण करण्याचा प्रघात आहे. घड्याळांतील अंतर हिशेबात घेतले तर लँडओव्हर येथे पंचाने पक बर्फावर टाकला तेव्हा आमच्याकडे रविवारची पहाटेची पाच वाजण्याची वेळ होती, म्हणजे इकडचे जागरण आटोपले होते आणि तिकडचे, कोणाच्याही कल्पनेत नसताना, सुरू होत होते.

पहिले सत्र कॅपिटल्सचे होते. मारा त्यांचा, वेग त्यांचा, आणि सत्र संपण्यास ४८ सेकंद उरली असता माइक गार्टनरने गोल करून तो दाखला पक्का केला. दुसऱ्या सत्रात पॅट फ्लॅटलीने आयलंडर्सची बरोबरी साधली, परंतु त्याच सत्राच्या शेवटी शेवटी ग्रँट मार्टिन ह्या फारशा प्रसिद्ध नसलेल्या खेळाडूने कॅपिटल्सला पुन्हा आघाडीवर नेले. मार्टिनच्या कारकिर्दीत बाद फेरीतला हा एकमेव गोल. तो टिकला असता तर वॉशिंग्टनमध्ये त्याचे नाव आजही दिवाणखान्यांतून घेतले गेले असते. तो टिकला नाही. तिसऱ्या सत्रातील पाच मिनिटे २३ सेकंद उरली होती, तेव्हा चारही चषकांचा साक्षीदार असलेला तीस वर्षांचा ब्रायन ट्रॉटिये गोलसमोर आला आणि त्याने काठीच्या उलट्या बाजूने मारलेली चकती गोलरक्षक बॉब मेसनच्या दोन पायांमधून आत गेली. दोन-दोन. साठ मिनिटे संपली तेव्हा तोच हिशेब कायम होता.

येथपर्यंतचा सामना चांगला होता इतकेच म्हणता येईल. असे सामने दरसाल होतात. खरी हकीकत पुढे आहे, आणि ती सांगणे अवघड आहे, कारण पुढच्या जवळजवळ सत्तर मिनिटांच्या खेळात, मध्यंतरे धरता घड्याळाच्या साडेतीन-चार तासांत, गोलफलकावर काहीही घडले नाही. कादंबरीकाराने असे प्रकरण लिहिले असते तर संपादकाने ते परत पाठविले असते. परंतु जुनी चित्रफीत पाहताना ध्यानात येते की ह्या काहीच न घडण्यात प्रत्येक क्षणी सर्व काही घडण्याची शक्यता भरून राहिलेली आहे: क्रिकेटमध्ये एक चेंडू वाया गेला तर दुसरा असतो, कबड्डीत चढाई फसली तर पुढची असते, येथे मात्र चकती एका संघाच्या हद्दीची निळी रेषा ओलांडून आत आली की दहा-बारा सेकंदांच्या आत कोणाचे तरी वर्ष संपू शकते, आणि ती बाहेर गेली की श्वास सोडण्यापुरताच अवकाश मिळून तोच प्रसंग दुसऱ्या टोकाला उभा राहतो.

पहिले जादा सत्र संपले, दुसरे संपले. बर्फाची प्रत उतरत गेली, कारण हजारो माणसांच्या उष्णतेने वरचा थर मऊ पडतो, पोलादी पात्यांनी चरे पडतात, चकती सरळ जाईनाशी होते आणि कसबी खेळाडूची कलाकुसर मंदावून सामना चिवटपणाच्या हाती जातो. पंच अँडी व्हॅन हेलमंड हे त्या काळातील अग्रगण्य पंच होते. अशा वेळी पंचाची अवस्थाही बिकट असते, कारण दोन मिनिटांच्या शिक्षेसाठी एखाद्याला बाहेर बसविले तर त्या शिक्षेनेच सामन्याचा फैसला होण्याचा संभव असतो, आणि म्हणून जादा वेळात पंच शिट्टीला शक्यतो हात लावीत नाहीत अशी त्या खेळाची अलिखित वहिवाट आहे. तिच्याविरुद्ध फिर्यादी नेहमीच असतात.

परंतु माझ्या मते ह्या रात्रीचे खरे नायक दोघेच, आणि ते परस्परांपासून दोनशे फुटांच्या टोकांना उभे होते. आयलंडर्सचा केली ह्रूडी सव्वीस वर्षांचा, कॅनडातील एडमंटनचा. कॅपिटल्सचा बॉब मेसन जवळजवळ त्याच वयाचा, मिनेसोटाच्या गारठ्यातला. बाकीचे गडी मिनिटामिनिटाला बाकावर येऊन पाणी पीत होते. ह्या दोघांना तो हक्क नव्हता. त्या काळी गोलरक्षकाच्या पायांवरची जाड कवचे चामड्याची असून आत केस भरलेले असत, आणि बर्फाचे पाणी व घाम पिऊन ती तासागणिक जड होत जात. म्हणजे थकवा वाढावा तसे ओझेही वाढावे अशी तेथे व्यवस्था होती. ह्रूडीवर त्या रात्री ७५ फटके आले, त्यांपैकी ७३ त्याने अडविले. मेसनने ५७ पैकी ५४ अडविले. दोघांची बेरीज १२७ होते. एका बाजूच्या माऱ्याचे पारडे जड होते आणि तरीही निकाल लागत नव्हता ह्याचे कारण ह्रूडी, हे खरे. परंतु ज्याच्या बाजूला काम कमी येते त्या गोलरक्षकाची परीक्षा निराळी असते, दीर्घ रिकामपणानंतर अचानक आलेल्या एका फटक्याला जागे असावे लागते, आणि मेसन जवळजवळ सत्तर मिनिटे असा जागा राहिला, ह्याची नोंद आकडे ठेवणाऱ्या दप्तरात पुरेशी होत नाही.

मध्यरात्र झाली. तिकडे बारा वाजले तेव्हा आमच्याकडे रविवारची सकाळ, साडेनऊ. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले होते आणि ते दर रविवारी ह्याच वेळी लागे, त्यामुळे त्या घटकेला विरारपासून वसईपर्यंत रस्ते ओस पडलेले असत, ज्याच्याकडे संच आहे त्याच्या ओटीवर अर्धी वाडी जमलेली असे. पृथ्वीच्या दोन बाजूंना दोन जनसमुदाय अशा तऱ्हेने पडद्याकडे व बर्फाकडे खिळून बसले होते; भेद इतकाच की आमच्या प्रेक्षकांना शेवट ठाऊक होता.

तिसरे जादा सत्रही कोरे गेले. तारीख बदलून १९ एप्रिल झाली, ईस्टरचा रविवार लागला, आणि चौथे जादा सत्र सुरू झाले तेव्हा त्या लीगने १९५१ नंतर इतका लांबलेला सामना पाहिला नव्हता. अशा वेळी निकाल डावपेचांनी लागत नाही. कोणीतरी दमलेला माणूस आपली जागा सोडतो, किंवा सोडत नाही, आणि त्यावर सर्व अवलंबून असते.

जागा सोडली ती आयलंडर्सच्या गॉर्ड डिनीन ह्या बचावपटूने, आणि ती चूक ठरण्याऐवजी पुण्य ठरली. बचावपटूने मागे राहावे हा शिरस्ता बाजूला ठेवून तो चकती घेऊन पुढे घुसला, कॅपिटल्सच्या गोलचौकटीला मागून वळसा घालून समोर आला आणि त्याने फटका मारला. तो अडविला गेला, चकती गर्दीतून उसळून बाहेर निळ्या रेषेच्या दिशेने गेली, आणि डिनीनची रिकामी जागा सांभाळण्यासाठी मागे सरलेला बावीस वर्षांचा पॅट लाफाँटेन तेथे उभा होता. त्याची पाठ गोलकडे होती. त्याने नेम धरला नाही, गरकन फिरून सर्व शक्तीनिशी काठी फिरविली. मेसनच्या समोर आयलंडर्सचा डेल हेन्री व आपलेच सहकारी अशी माणसांची भिंत उभी होती, त्यामुळे त्याला चकती दिसली नाही. ती गोलखांबाच्या आतल्या बाजूला आदळली आणि जाळ्यात गेली. चौथ्या जादा सत्राची ८ मिनिटे ४७ सेकंदे झाली होती, एकूण खेळ १२८ मिनिटे ४७ सेकंदे, आणि भिंतीवरच्या घड्याळात रात्रीचे एक वाजून अठ्ठावन्न मिनिटे. तीन-दोन. मेसन बर्फावर गुडघे टेकून तसाच राहिला आणि आयलंडर्सचे खेळाडू लाफाँटेनच्या अंगावर कोसळले.

ह्या प्रसंगात एक धागा असा आहे की तो मला इतर सर्व तपशिलांहून अधिक ओढून घेतो. फटका मारणारा लाफाँटेन आणि तो न दिसलेला मेसन हे दोघे तीनच वर्षांपूर्वी, १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियातील सारायेव्हो येथे, अमेरिकेच्या एकाच संघात होते. सरावात त्याने ह्याच्यावर हजारो फटके मारले असतील, ह्याने ते अडविले असतील. व्यावसायिक खेळात मैत्रीचा असा हिशेब कोणी ठेवीत नाही, आणि ठेवू नये हेही खरे, पण निर्णायक क्षणी समोरासमोर येणारी माणसे बहुधा अनोळखी नसतात.

विजेत्यांना त्या विजयाचा उपभोग फार काळ घेता आला नाही. पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना फिलाडेल्फियाच्या संघाशी दुसरी फेरी खेळावी लागली आणि तीही सात सामन्यांपर्यंत नेऊन ते हरले. लाफाँटेनची कारकीर्द डोक्याला वारंवार झालेल्या दुखापतींमुळे १९९८ साली आटोपली, २००३ मध्ये त्याला त्या खेळाच्या सन्मानगृहात स्थान मिळाले. ह्रूडी पुढे कॅनडातील दूरचित्रवाणीवर समालोचक झाला. कॅपिटल सेंटरची इमारत २००२ मध्ये पाडण्यात आली. कॅपिटल्सचा स्टॅन्ले चषकासाठीचा वनवास त्या रात्रीनंतरही तब्बल ३१ वर्षे चालला व ७ जून २०१८ रोजी लास व्हेगास येथे संपला. मधल्या काळात, १९८९-९० च्या हंगामात, ह्याच संघाने रॉबिन बावा ह्या पंजाबी मुळाच्या कॅनेडियन खेळाडूला पाच सामने खेळविले, तो त्या लीगमधील भारतीय वंशाचा पहिला खेळाडू होय, आणि त्या पाच सामन्यांत त्याने एक गोलही केला.

ह्रूडीने अडविलेल्या ७३ फटक्यांचा आधुनिक काळातला उच्चांक २०२० च्या ऑगस्टपर्यंत टिकला. त्या वर्षी साथीच्या निर्बंधांमुळे सारे संघ मोजक्या ठिकाणी आणून रिकाम्या प्रेक्षागृहांत सामने उरकले जात असता, टोरांटो येथे कोलंबस व टँपा बे यांच्यातील सामना पाच जादा सत्रांपर्यंत गेला, कोलंबसच्या कोर्पिसालो नावाच्या फिनलंडवासी गोलरक्षकाने ८५ फटके अडविले, आणि त्याच बर्फावर त्या संध्याकाळी व्हावयाचा दुसरा सामना दुसऱ्या दिवसावर ढकलावा लागला. कोर्पिसालोचा संघ तीन-दोननेच हरला. निर्णायक सातव्या सामन्यांपुरते पाहिले तर मात्र लँडओव्हरच्या रात्रीची लांबी अद्याप कोणी गाठलेली नाही, आणि नियमात मुदतीचे कलम अजूनही कोणी घातलेले नाही. साखळी सामन्यांसाठी २००५ पासून नेमबाजीची सोय आली, पण बाद फेरीच्या उंबरठ्याशी तिला अडविण्यात आले आहे.

बॉब मेसनने त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टन सोडून शिकागोच्या संघाशी करार केला. त्यानंतर तो आणखी काही संघांकडून खेळला, आणि खेळणे थांबविल्यावर मिनेसोटाच्या वाइल्ड ह्या व्यावसायिक संघात गोलरक्षकांचा प्रशिक्षक म्हणून त्याने पुष्कळ वर्षे नोकरी केली.